हुकांची रांग आणि दोन मिनिटांचा नियम

मी कोड शिकले ते रागाने. मला एका माणसाला दोषी ठरवायचं होतं आणि पुरावा ज्या भाषेत होता ती मला वाचता येत नव्हती, एवढंच कारण.

राग आमच्या घरात नवा नव्हता. आप्पा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, पुढे टोळीचे मुकादम झाले, आणि युनियनची पत्रकं वाटायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. जुईनगरच्या आमच्या वन रूम किचनमध्ये शिलाई मशीनच्या खाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. 'कामगार बंधूंनो' असं वर ठळक असायचं. एकदा मी विचारलं, "भगिनी कुठायत?" टोळीत बाई एकही नव्हती, पण पुढच्या पत्रकावर आप्पांनी 'बंधू-भगिनींनो' छापून आणलं. नववीत गेल्यावर मजकूर मीच लिहायला लागले. मला ते जमायचं. पत्रकाला एक अन्याय लागतो आणि तो करणारा कुणीतरी लागतो. तो सापडला की वाक्यं आपोआप येतात.

माझ्या पत्रकांमधला अन्याय करणारा बहुतेक वेळा मुकादमच असे. आप्पा नव्हे, दुसऱ्या टोळ्यांचे. मर्जीतल्या माणसाला हलका माल द्यायचा, नावडत्याला मिरचीच्या नाहीतर साखरेच्या गोण्यांवर घालायचं, हे मी लहानपणापासून ऐकत होते. त्यामुळे ऐरोलीत एका बॅक ऑफिसमध्ये दोन वर्षं नोकरी करून कंटाळले, तेव्हा स्वतःचं काहीतरी काढायचं ठरवलं आणि विषय शोधावा लागला नाही. व्यापाऱ्याने आलेल्या गाडीची नोंद फोनवर टाकायची, फोननेच टोळीतल्या माणसांचा नंबर लावायचा. मुकादमाची मर्जी मधून काढून टाकायची. मी याला स्टार्टअप म्हणत होते. मनात ते पत्रकच होतं.

माझा धंद्यातला जोडीदार त्याच बॅक ऑफिसमध्ये भेटलेला, ऐरोलीचाच, खाडीकाठच्या गावातला इंजिनियर. त्यांच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर पूर्वी झेरॉक्सचं दुकान होतं, त्या गाळ्यात आम्ही दोन टेबलं टाकली. शब्द माझे, कोड त्याचा. अशी वाटणी बरोबर आहे असं सगळेच सांगत होते. आयटी पार्कातल्या एका मेळाव्यात एक मोठे उद्योजक म्हणाले, "विमानात बसताना तुम्ही इंजिन उघडून बघता का? मग फाउंडरने कोड कशाला शिकायचा?" सगळे हसले. मीही हसले. वाक्य वहीत लिहून घेतलं.

सुरुवात आप्पांच्या टोळीपासून करायची होती. अकरा माणसं. मी घरी जेवताना त्यांना समजावलं.

"नंबर फोन लावणार, मग मी काय करायचं?"

"तुम्ही फक्त बघायचं."

"बघतोयच की तीस वर्षं," आप्पा म्हणाले. मग भात कालवता कालवता म्हणाले, "आणि हूक?"

"हूक गोणी उचलायला लागेलच की, आप्पा."

ते परत भात कालवायला लागले.

ते काय विचारत होते ते आता सांगते. टोळीचा दिवस हुकांनी सुरू होतो. गोणी उचलायचे लोखंडी हूक माणसं आल्या आल्या गाळ्याच्या ओट्यावर ओळीने ठेवतात. ज्या क्रमाने हूक, त्या क्रमाने काम. कुणाला उशीर होणार असेल तर तो आदल्या दिवशी हूक मुकादमाकडे देऊन जातो आणि मुकादम तो सकाळी रांगेत ठेवतो. त्याचा नंबर आला आणि तो पोचलेला नसला, तर पुढचा माणूस ती गाडी करतो. हूक जागेवरच राहतो. आला की पुढची गाडी त्याची. याबद्दल कुणी बोलत नाही. कुठे लिहिलेलंही नाही.

आप्पांच्या पिशवीत मंगळवारी आणि शुक्रवारी दोन हूक असत. दुसरा काकांचा. काका म्हणजे आप्पांबरोबरच साताऱ्याकडून आलेले, एकाच खोलीत राहिलेले, एकाच दिवशी टोळीत लागलेले. काकींचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवारी असायचं. त्यांना हॉस्पिटलात सोडून काका दहाच्या सुमाराला मार्केटात पोचायचे. ती पिशवी खुंटीवरून काढून मी कितीदा आप्पांच्या हातात दिली आहे. दोन हुकांचं वजन हाताला कळायचं. पण हे सगळं ठरवताना ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पहिला आठवडा मजेत गेला. ज्याचा नंबर त्याचा फोन वाजायचा, त्याने बटन दाबून उत्तर द्यायचं. मी ओट्याजवळ उभी राहून बघत होते.

"मुकादम रिटायर झाले रे! चहा पाजा आता!"

"आवो, फोन नंबर सांगतोय खरा, पण तंबाखू देत न्हाय."

"अपडेट येऊ दे, मग देईल."

आप्पाही हसत होते. पुढच्या आठवड्यात काका दिसले नाहीत. आप्पांना वाटलं, काकींचं दुखणं वाढलं असेल, काकांनी फोनवरूनच सुट्टी टाकली असेल. त्यांनी फोन केला, तो उचलला गेला नाही. तिसऱ्या आठवड्यात कळलं की काका कामोठ्याला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. चौथ्या आठवड्यात टोळीतला दुसरा एक जण, ज्याचं मूल आजारी होतं, ओट्यापाशी येऊन भर गर्दीत ओरडला, "मुकादम, माझं नाव तुमी काढलं व्हय? तोंडावर सांगायला काय झालं हुतं?" आणि फोन आप्पांच्या नाकासमोर धरला.

त्यावर लिहिलं होतं: 'मुकादमांकडून कळविण्यात येते की, वारंवार गैरहजर राहिल्याने आपले नाव पुढील आठवड्याच्या यादीतून कमी करण्यात आले आहे.'

त्या संध्याकाळी आप्पा घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "बंद कर ते मशीन. माझ्या नावानं माणसं काढतंय." मग खुर्चीत बसले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्यालाबी हाच आला असणार."

दुसऱ्या दिवशी ते कामोठ्याला जाऊन आले.

"काय म्हणाले काका?"

"चहा पाजला," आप्पा म्हणाले. एवढंच. मी समजले, त्यांनी सगळं सांगितलं असणार.

मी ऐरोलीला गेले. गाळ्याचं शटर अर्धं वर होतं, जोडीदार आत डबा खात होता. मी उभ्या उभ्याच बोलायला लागले. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला दोन मिनिटांत उत्तर दिलं नाही म्हणून बाहेर काढतोस? कुणी सांगितलं तुला?

"तू," तो म्हणाला.

"मी असं काही सांगितलेलं नाही."

"अगं पन मी इचारलं होतं ना तुला. एक एक करून."

"लेखी दाखव."

त्याने घास खाली ठेवला. "लेखी? कोडमध्ये हाय लिहिलेलं. बघ ना."

"मला कोड वाचता येत नाही हे तुला माहीत आहे."

"मग?" तो म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावलं.

त्या 'मग'चा मी अर्थ लावला की हा कोडच्या मागे लपतोय. घरी येऊन तासाभरात एक लेख लिहून टाकला. तुमची तत्त्वं तुम्ही ज्याच्या हातात देता, तो ती तुमच्या पाठीमागे बदलतो, म्हणून फाउंडरनो, कोड शिका, असा त्याचा मथळ्यापासून शेवटपर्यंत सूर होता. त्याचं नाव नव्हतं, पण आम्हाला ओळखणाऱ्या कुणालाही तो कोण ते कळलं असतं. लेख खूप फिरला. अनोळखी लोकांनी शाबासकी दिली. जोडीदार आमच्या दोघांच्या ग्रुपमधून बाहेर पडला. महिन्याभराने त्याने समोरच्याच आयटी पार्कात नोकरी धरली आणि गाळ्याची किल्ली माझ्याकडेच राहू दिली. लॅपटॉपही.

मग मी शिकायला बसले. गाळ्यात, सकाळी दहा ते पाच, मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ लावून. पहिले दोन महिने नुसता संताप होता. एक स्वल्पविराम राहिला की मशीन हटून बसायचं. मी मनात त्याच्याशी भांडायचे. माझ्या पत्रकात कितीतरी स्वल्पविराम चुकलेले असायचे, लोक समजून घ्यायचे. 'सर्वांना समान न्याय' असं मी शंभर वेळा लिहिलं असेल. इथे सर्व म्हणजे कोण, ते एकेक करून सांगावं लागत होतं. समान म्हणजे काय समान, वेळ की वजन की पाळी, तेही. सांगितलं नाही तर मशीन विचारत नाही. जे सांगितलं तेवढंच करतं आणि गप्प बसतं.

चौथ्या महिन्यात मी आमच्या स्वतःच्या कोडची फाइल उघडली. तोवर मला ती हळूहळू, बोट ठेवून वाचता येत होती. नंबर लावण्याचा भाग दीडशे-दोनशे ओळींचा होता. मध्ये मध्ये त्याने इंग्रजी अक्षरांत मराठीत टिपा टाकल्या होत्या, म्हणजे मशीनसाठी नव्हे, पुढे वाचणाऱ्या माणसासाठी. वाचणारं माणूस मी असेन असं त्याला कदाचित वाटलं असावं.

'उशिरा आला तर? विचारलं. रांगेत शेवटी.'

'किती थांबायचं? विचारलं. दोन मिनिटं.'

'परत झालं तर? विचारलं. आठवड्यात दोनदा, मग पुढचा आठवडा नाव नाही. म्हणाली एकदा चूक, दोनदा सवय.'

'आजारपण वगैरे सूट? विचारलं. म्हणाली सूट दिली की वशिला आला.'

'मेसेज कोणाच्या नावाने? विचारलं. मुकादम. म्हणाली लोक ऐकतात.'

'सूट दिली की वशिला आला' हे माझंच वाक्य. एका पत्रकात होतं ते, आप्पांनी ठळक छापायला लावलेलं. मग ती दुपारही आठवली. मी एका स्पर्धेसाठी स्लाइड्स करत होते आणि समोरच्या टेबलावरून तो एकेक प्रश्न विचारत होता. मी मान वर न करता उत्तरं देत होते. खटाखट. मला वाटत होतं मी फार स्पष्ट विचारांची आहे.

मला काही वाटलं नाही. खरंच नाही. चहा गार झाला होता तो प्यायले. शटरच्या बाहेर एक टेम्पो मागे घेत होता, त्याचा आवाज ऐकत बसले. इतके महिने जो राग रोज सकाळी माझ्यासोबत गाळ्यात यायचा तो त्या दिवशी आला होता की नाही, तेही आठवेना. मी फाइल परत पहिल्या ओळीपासून वाचली. कुठे त्याने काही बदललं असेल, माझ्या शब्दांत काही घुसडलं असेल, असं शोधत. नव्हतं. कोड चांगला होता. मी सांगितलं तसाच होता.

लेख मी काढून टाकला नाही. वाटलेलं पत्रक परत गोळा करता येत नाही, याची सवय होती. त्याच्या सुरुवातीला चार ओळी घातल्या: ज्याला दोष दिला त्याचा दोष नव्हता, नियम माझे होते, मला ते आठवतही नव्हते. लेख वाचणाऱ्यांपैकी फारच थोडे परत आले. जोडीदाराला वेगळा मेसेज केला, लांबलचक. त्याने अंगठा पाठवला.

नेमकं तेव्हाच त्या मेळाव्याचं बोलावणं आलं. जुना लेख वाचून बोलावलं होतं. विषय, फाउंडरने कोड शिकावा का. मंचावर मला शिकावा म्हणणाऱ्या बाजूला बसवलं. सूत्रसंचालकाने विचारलं, "तुम्हाला काय फायदा झाला?"

मी म्हणाले, "वाचता आलं."

तो थांबला. पुढे काहीतरी येईल अशी त्याची अपेक्षा होती. समोरचेही पेन धरून बसले होते. मला एवढंच सांगता येत होतं. धंदा वाढला नव्हता, धंदा बंद होता. दुसऱ्या कुणावर खापर फोडायची सोय गेली, हा फायदा म्हणायचा का, ते मला ठरवता आलं नाही. माइक पुढच्याकडे गेला.

नंतर मी तीन दिवस खपून कोडमध्ये एक नवी सोय लिहिली, पूर्ण माझी मी. मुकादम ज्याचा हूक रांगेत ठेवेल त्याची जागा तो येईपर्यंत हलायची नाही. ती चालली. आप्पांना लॅपटॉपवर दाखवली. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत बघितली.

"बरं झालंय," ते म्हणाले. "पण आता टोळीला नको."

"काकांची जागा?"

मग त्यांनी सांगितलं. काकांनी त्यांचा हूक परत नेलाच नव्हता. आप्पा तो रोज पिशवीत घालून नेत होते आणि रोज रांगेत ठेवत होते, मंगळवार असो नसो. काकांच्या जागी टोळीने माणूस घेतला नव्हता. दहा जण अकराचं काम ओढत होते. आधी कुणी काही बोललं नाही, आता बोलायला लागले होते. "मुकादम, किती दिवस लोखंडाची हजेरी लावणार?" महिनाअखेर नवा माणूस घ्यायचं ठरलं होतं.

"तुम्ही काकांना विचारलं का, येणार का म्हणून?"

"तो बोलायला पायजे ना," आप्पा म्हणाले.

महिना संपायला आठ दिवस होते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी कामोठ्याला गेले.

काका गेटवर निळ्या गणवेशात होते. शर्ट खांद्यात ढगळ. गोण्या वाहून जाड झालेली त्यांची मान शर्टाच्या कॉलरमध्ये मावत नव्हती. हातात सोसायटीचा फोन.

"कुणाकडं?" त्यांनी सवयीने विचारलं. मग ओळखलं. "आगं, तू हाईस व्हय! कुणाकडं आलीस?"

"तुमच्याकडे, काका."

त्यांनी फोनकडे बघितलं. "ह्याच्यात फ्लॅट नंबर टाकल्याबिगर गेट घेत न्हाय. वॉचमनकडं पाव्हणा येतो हे ज्यानं केलं त्येला ठावंच नसंल." त्यांनी एक बंद फ्लॅटचा नंबर टाकला. "ये. बस हितं."

केबिनमध्ये एकच खुर्ची होती. ती मला दिली आणि ते दारात उभे राहिले. काकींचं विचारलं. चाललंय म्हणाले. मंगळवार, शुक्रवार. इथला सुपरवायझर बरा आहे, त्या दोन दिवशी दुपारची ड्यूटी देतो. मी मान हलवली. येताना काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"काका, आप्पांनी सांगितलंच असेल, तुमचं नाव त्यांनी काढलं नव्हतं."

त्यांनी कॉलर ओढून सारखी केली.

"मेसेज आल्ता," म्हणाले.

"तो माझ्या सांगण्यावरून गेलेला."

"मुकादमाच्या नावानं?"

"हो."

"आणि नियम? दोन मिन्टाचा?"

"तोही माझाच. तुम्ही मंगळवार-शुक्रवारी उशिरा येता हे मला माहीत होतं. ठरवताना आठवलं नाही."

एक स्कूटी आली. त्यांनी गेटचा आडवा दांडा वर केला, फोनवर काहीतरी दाबलं, दांडा खाली केला. परत दारात येऊन उभे राहिले.

"तुझा आप्पा हितं आल्ता एकदा," ते म्हणाले. "तवा त्येला म्हाईत हुतं?"

"हो."

"मग बोलला का न्हाय? तासभर बसला. गावाकडच्या विहिरीचं बोलला. पावण्यांचं बोलला. मी म्हटलं, आता सांगंल, मग सांगंल."

मला तोवर माहीतच नव्हतं की आप्पांनी सांगितलेलं नाही. काकांनी गेटकडे बघत स्वतःच उत्तर दिलं.

"तुझं नाव घ्यावं लागलं असतं."

मग ते दाराला टेकले. "येडा हाय," काका म्हणाले. कुणाला ते उघड होतं.

"काका, आता मी ते बदललंय. मी शिकले, आणि मी स्वतः बदललं. उशीर झाला तरी जागा जात नाही." बोलताना मला कळत होतं की हे आता कुणी वापरत नाही आणि त्यांना याचं काही करायचं नाही. तरी बोलले. "तुमची जागा अजून आहे. आप्पा तुमचा हूक रोज ठेवतात रांगेत. महिनाअखेरपर्यंत याल का परत?"

"रोज?"

"रोज."

त्यांनी हात बघितले. तळव्याचे घट्टे पांढरे पडून सोलायला लागले होते. ते नखाने एक कोपरा उचकत राहिले.

"न्हाय पोरी," ते म्हणाले. "हितं बसून गुडघा जरा बरा झालाय. आणि शुक्रवारी हिला घ्यायला बी जाता येतंय." थोडं थांबून म्हणाले, "त्येला म्हन, नवा माणूस घे. दहा जणांच्या पाठी कशाला मोडतोयस. आणि हूक घिऊन ये हितं. सोमवारी सुट्टी असती मला."

निघताना त्यांनी मला दांड्याच्या अलीकडे थांबवलं. फोनवर माझी नोंद शोधली आणि बाहेर गेल्याचं बटन दाबलं. "न्हायतर तू आतच हाईस असं दाखवतंय रातभर," म्हणाले.

घरी येऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. आप्पांनी ऐकून घेतला. काका मला काय म्हणाले, मी त्यांना काय म्हणाले, काही विचारलं नाही. सोमवारी त्यांनी गाडी लवकर संपवली आणि मार्केटातून थेट कामोठ्याला गेले.

ते आले तेव्हा मी दारातच होते.

"काय म्हणाले काका?"

"चहा पाजला," आप्पा म्हणाले आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी ती खुंटीला लावली. तिच्यात एकच हूक होता.